सुतळीनं बांधलेली पाटी

माझ्या दारावर 'येथे चिनी भाषा शिकवली जाते' अशी पाटी आहे. तिच्याखाली लहान अक्षरांत 'तासाच्या वेळी बेल वाजवू नये' असंही लिहिलं आहे. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत पहिल्या ओळीबद्दल कधी कुणाची तक्रार नव्हती. जो काही राग होता तो दुसऱ्या ओळीवर. काहीजण मुद्दाम बेल वाजवून विचारायचे, "तास चालू नाही ना?" एवढं पुण्यात चालायचंच.

ही पाटी हल्ली खिळ्यांवर नाही, गोणी शिवायच्या सुतळीवर लटकते. जरा तिरकी आहे. नवीन येणारे विद्यार्थी ती सरळ करायला जातात आणि मी त्यांच्यावर खेकसते. मग शांत झाल्यावर वाईट वाटतं, पण दर वेळी सगळी गोष्ट कोण सांगत बसणार? म्हणून एकदाच लिहून टाकते.

तरुणपणी मी ही भाषा घेतली तेव्हा वडील म्हणाले होते, "शेजाऱ्याची भाषा? आपण शेजाऱ्यांशी बोलतो कधी?" त्यांना वाटलं, चार महिन्यांत माझी हौस फिटेल. हौस फिटली नाही, उलट पोट त्यावरच भरायला लागलं. चाकणच्या कारखान्यांत तिकडची यंत्रं यायला लागली, त्यांच्याबरोबर तिकडचे तंत्रज्ञ आले, आणि त्यांच्याशी बोलायला माणसं लागायला लागली. माझ्याकडची मुलं शिकून नोकरीला लागत गेली. त्यातला एक मात्र कारखान्यात गेला नाही.

तो मार्केट यार्डातून यायचा. भुसार बाजारात त्याच्या आईवडिलांचं बारदानाचं दुकान आहे, म्हणजे रिकाम्या गोण्या घ्यायच्या, फाटक्या शिवायच्या आणि विकायच्या. त्याच्या शर्टाला तागाचे धागे चिकटलेले असायचे. कान असा तयार, की मी सूर एकदा सांगितला की पुन्हा सांगावा लागायचा नाही. पदवी झाल्यावर त्यानं फौजेची परीक्षा दिली आणि अधिकारी झाला. फौजेनं त्याला ती भाषा पुन्हा नीट शिकवली आणि उत्तरेच्या सीमेवर दुभाषा म्हणून पाठवलं. दोन्ही बाजूंचे अधिकारी टेबलाशी बसतात तेव्हा हा मध्ये बोलायला. मला केवढा अभिमान वाटला होता! भेटेल त्याला सांगत सुटले होते.

मग साथीच्या पहिल्या उन्हाळ्यात तिकडे डोंगरात चकमक झाली आणि आपले जवान गेले.

साथीमुळे माझा क्लास आधीच मोबाइलवर गेला होता, आता तो मोबाइलवरूनही गेला. एकेक विद्यार्थी 'घरचे नको म्हणतात' असं कळवून गळाला. सोसायटीच्या ग्रुपवर चिनी मालावर बहिष्काराच्या शपथा सुरू झाल्या. सेक्रेटरी तोंडाला मास्क लावून दाराशी आले.

"मॅडम, आपण पाटी तूर्त काढून ठेवता का? वातावरण तापलंय."

"मग पंखा लावा," म्हणून मी दार लोटलं.

फार शूर वाटलं होतं मला तेव्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर पाटीवर कुणीतरी जाड पेनानं 'चालते व्हा' लिहून ठेवलं होतं. मी घरात एकटी असते. पाटी पुसली, उतरवली आणि कपाटामागे सरकवून दिली. बोलायला काय जातं, झोप तर आपल्यालाच लागायला हवी.

निर्बंध जरा सैल झाल्यावर एका दुपारी बेल वाजली. दारात त्या मुलाची आई. मी तिला आधी एकदाच पाहिलं होतं, मुलाचं नाव घालायला आली तेव्हा तिनं विचारलं होतं, "ह्यानं पोराचं बरं हुईल ना?" आणि मी नेहमीच्या तोऱ्यात म्हटलं होतं, "भाषा शिकून कुणाचं वाईट झालेलं नाही."

आता ती घाम पुसत उभी होती. ही मला जाब विचारायला आली असणार. हा मुलगा ती भाषा शिकला नसता तर आज दुसरीकडे कुठेतरी असता. शिकला म्हणून त्यांच्या अगदी समोर उभा आहे. मी मनातल्या मनात उत्तरं तयार केली. त्यातलं एकही मलाच पटत नव्हतं.

"पाटी कुटं गेली?" ती म्हणाली. "तीन दारं वाजवून आले."

मी म्हटलं, "काढून ठेवलीय."

"मंग लावा. मला शिकायला यायचंय."

मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चुकलं. तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी पिऊन ती सांगायला लागली. मुलाचा फोन येतो, बरा आहे म्हणतो, जेवलो म्हणतो. बाकी काही सांगत नाही, सांगायची परवानगीही नसेल. मग ती दुकानातून आली की टीव्हीसमोर बसते. "त्ये तिकडचे लोक दावत्यात. त्यांची तोंडं हालत्यात, आन् वरून आपला मानूस वरडतो. त्यो खालचा काय म्हनतो त्ये मला ऐकायचंय. माझं पोरगं त्येच्यासमोर हाय ना."

त्या दिवसांत सगळ्या वाहिन्यांवर संध्याकाळी एकच चाललेलं असायचं. पडदा मधोमध चिरलेला, एका बाजूला त्यांचे रणगाडे, दुसऱ्या बाजूला आपले. विमानं, क्षेपणास्त्रं, तोफा. कोण किती दिवस टिकेल यावर जाकिटातली माणसं भांडायची. मी ते मन लावून बघायचे, खोटं कशाला बोलू. तिला विचारलं, "ते आकडे बघता का तुम्ही?"

"बगते की. त्येंच्याकडं किती, आपल्याकडं किती, रोज सांगत्यात," ती म्हणाली. "माझ्याकडं एकच हाय."

मी उठून कपाटामागची पाटी काढली. भिंतीतले खिळे पाटी उतरवताना वाकले होते, म्हणून मी हातोडी शोधायला लागले. तिनं पिशवीतून सुतळी आणि दाभण काढलं, पाटीच्या भोकांतून सुतळी ओवली आणि दाराच्या जाळीला अशी आवळून बांधली की आजतागायत हललेली नाही. तेवढ्यात सेक्रेटरी जिन्यातून वर येत होते. पाटीकडे बघून थांबले. तिनं गाठ मारता मारता मान वळवली.

"माझा पोरगा तिकडं बॉर्डरवर हाय. काडायची का?"

"छे छे, राहू द्या ना," असं म्हणून ते वरच्या मजल्यावर गेले. ते राहतात पहिल्या मजल्यावर, माझ्या समोरच.

अशा रीतीनं मला त्या वर्षातली एकुलती एक विद्यार्थिनी मिळाली. दुपारी बाजार उतरला की ती यायची. गॅलरीत दोन टोकांना दोन खुर्च्या टाकून आम्ही बसायचो. पहिल्या दिवशी सगळ्यांना शिकवते तेच शिकवलं: 'मा' हा एकच उच्चार चार सुरांत म्हटला की त्याचे चार अर्थ होतात. सपाट म्हटला तर आई. वर चढवला तर ताग. खाली नेऊन वर आणला तर घोडा. खाडकन खाली आणला तर शिव्या देणं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "घोडा सोडला तर सगळं माझ्याच घरातलं हाय."

सूर तिला चांगले जमले, लिपी अजिबात जमली नाही. तिची चित्राक्षरं गोणीला घाईनं घातलेल्या टाक्यांसारखी दिसायची. मी चिडायचे. मी वाईट चिडते. तास संपताना वही मिटून ती म्हणायची, "बाई, रागवा, पन सोडू नका." नमस्काराचा चिनी शब्द तिनं माझ्यासाठी कधीच वापरला नाही. मला रामरामच. "त्यो त्येंच्यासाटी ठिवलाय," म्हणायची.

एकदा तिनं विचारलं, "भांडान नक्की कशाचं हाय?" माझ्याकडे दोन नकाशे होते, एक आपला, एक तिकडचा. दोन्ही तिच्यापुढे पसरले. डोंगर तेच, नदी तीच, नावं वेगळी आणि रेष वेगळ्या जागी. मी सैन्याच्या चौक्या, रस्ते, इतिहास असं सगळं समजवायला घेतलं. मला बऱ्यापैकी माहिती आहे आणि ती सांगायला मला आवडतं. तिनं हातानंच थांबवलं.

"म्हंजी बांध कोरत्यात," ती म्हणाली.

तिच्या माहेरी तेच झालं होतं. शेजारचा दर नांगरटीला बांधाची वीतभर माती आपल्याकडे ओढायचा. काही वर्षांनी बांधावरचं बोरीचं झाड त्याच्या शेताच्या मध्यात गेलं आणि तो म्हणाला, झाड आमचंच, बोरं उतरवायला आमच्या रानात कशाला शिरता? "मंग बापानं तितं खाट टाकली. भांडला न्हाई. खाटंवर बसून ऱ्हायचा. कुनीतरी बांधावर बसाया लागतंच, बाई. न्हाई तर बांध ऱ्हात न्हाई." नकाशाची घडी घालत ती हळूच म्हणाली, "पन बसनारं आपलंच आसलं की जीव घाबरा हुतो."

पुढे एक काळ असा आला की मुलाचा फोन येईनासा झाला. तिकडे पुन्हा काहीतरी पेटलं होतं, बातम्यांत नकाशावर लाल बाण सरकत होते. मी तिला म्हटलं, नका येऊ थोडे दिवस, घरी थांबा. ती आलीच. "घरी काय करू? शिकवा." त्या दिवशी धड्यात साधंसं संभाषण होतं. जुनी माणसं एकमेकांना भेटली की काय विचारतात ते मी सांगितलं. 'छ्र् ल मा?' म्हणजे, जेवलात का?

ती बघतच राहिली. "ह्येच इचारत्यात?"

"पूर्वी विचारायचे. अजूनही वयस्क माणसं विचारतात."

"आपल्यासारकं?"

"आपल्यासारखंच."

ती रडायला लागली. इतके दिवस मी तिच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. मला माणसांची समजूत घालता येत नाही, कधीच आली नाही. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी नेली, साथ-बिथ विसरून, आणि तिच्या साडीवरचे तागाचे धागे वेचत बसले. आणि त्या वेळी मला मनापासून वाटलं, ही बाई आली नसती तर आपण ही भाषा कपाटामागेच टाकून दिली असती. आयुष्यभर जे केलं त्याची लाज वाटून घेत म्हातारी झाले असते.

फोन आला तेव्हा ती माझ्याकडेच होती. रेंज जेमतेम. तिनं स्पीकर लावला आणि हॅलोसुद्धा म्हटलं नाही. सरळ विचारलं, "छ्र् ल मा?" सूर अगदी बरोबर. पलीकडून मुलगा म्हणाला, "आई? हे कुठं शिकलीस तू?" आणि मग आम्ही तिघंही एकदम बोलायला लागलो आणि रेंज गेली. पण तो होता.

त्यानंतर काही वर्षं गेली. बोलण्यांच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. टीव्हीवाल्यांना त्यात काही दाखवण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी विषय सोडला. माझे विद्यार्थी एकेक करत परत आले, ज्यांच्या घरचे नको म्हणत होते तेही. एका दिवाळीच्या तोंडावर काही ठिकाणी दोन्हीकडचं सैन्य मागे सरलं आणि सणाला जवानांनी एकमेकांना मिठाई दिली. प्रश्न मिटलेला नाही. दोन्ही नकाशांतली रेष अजून वेगळ्याच जागी आहे. पण तो मुलगा रजेवर घरी आला, आणि आईला घेऊन माझ्याकडे आला.

चेहरा रापलेला, ओठ फुटलेले. माझ्या पाया पडला. मी पोहे केले होते. तो दोन बशा संपवेपर्यंत आई त्याच्याकडे नुसती बघत होती. मग तो सांगायला लागला, जेवढं सांगता येण्यासारखं होतं तेवढं. टेबलापलीकडे बराच काळ एकच दुभाषा असायचा, त्याच्याच वयाचा. दोघंही आपापल्या साहेबांचं ताठ बोलणं दुसऱ्या भाषेत म्हणायचे: ही जमीन आमची आहे, आपण मागे जावं. एकदा मध्ये चहाला थांबले तेव्हा यानं त्याला सांगितलं, माझी आई तुमची भाषा शिकतेय. त्यानं नुसतं बघितलं आणि चहा पिऊन निघून गेला.

"आणि या वेळी मिठाई देताना," मुलगा म्हणाला, "तो हळूच म्हणाला, माझ्या आईनं विचारलंय, तुझी आई जेवली का?"

मी चष्मा पुसायला घेतला. त्याच्या आईनं पदरानं तोंड पुसलं, आपल्या बशीतला शेवटचा घास त्याच्या बशीत वाढला आणि म्हणाली, "सांग तिला, जेवले म्हनावं. आन् म्हनावं, बांध कोरू नका."

"आई," तो हसत म्हणाला, "दुसरं तर मी त्याला रोजच सांगतो."