बाईंच्या कोर्टावरची नावे

ऑक्टोबर १९८४, दुसरा रविवार, सकाळी नऊ. स्थळ: वाशी, बाईंचे घर. हजर: बाई (संघाच्या प्रशिक्षक), क्रीडा मंडळाचे सेक्रेटरी नाईक आणि मी. विषय: नाशिकच्या स्पर्धेसाठी महिला बास्केटबॉल संघाची निवड. नावे तेरा, जागा बारा.

माझ्या त्या वेळच्या वहीत एवढेच आहे. निर्णयाचा रकाना कोरा आहे, कारण त्या दिवशी निर्णय झालाच नाही.

बाईंच्या कोर्टावर कुणाचेही लग्न झालेले नसे. तशा आमच्या संघातल्या निम्म्या जणी संसारी होत्या. दोघींची मुले तर कोर्टाच्या कडेला चपलांवर लक्ष ठेवत बसायची. पण खेळाडू पहिल्या दिवशी ज्या नावाने आली, त्याच नावाने बाई तिला शेवटपर्यंत हाक मारत. "सासरचं नाव घरी ठेवून यायचं. इथे ते बोलवायला लांब पडतं," असे त्या म्हणत. एकदा एक गृहस्थ संध्याकाळी सरावाच्या वेळी येऊन मिसेस गोखले कुठे आहेत म्हणून विचारू लागले. अशी कुणी इथे खेळत नाही, असे बाईंनी त्यांना शांतपणे सांगितले. मिसेस गोखले तेव्हा बाईंच्या शेजारीच बुटाची नाडी बांधत होत्या.

मी खेळाडू नव्हते. नोंदी ठेवायला कुणीतरी हवे होते आणि आमच्या बिल्डिंगमधल्या पाण्याच्या वेळा, गॅसचे नंबर, मुलांचे डोस हे सगळे माझ्या वहीत असते, ही बातमी बाईंपर्यंत पोचली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी माझे माहेरचे नाव विचारले. मी म्हटले, मी कुठे खेळते? "मग तू यादी," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून मी यादी झाले. "अगं यादी, आज किती?" ही त्यांची सरावाची पहिली हाक.

जुन्या आणि नव्या खेळाडूंवरून बाईंचे आणि नाईकांचे नेहमी वाजे. नाईकांना सगळा संघ विशीच्या आतला हवा होता. "बाई, हा संघ आहे, हळदीकुंकू नाही, सगळ्यांना बोलवायला," ते म्हणत. बाई म्हणत, "आणि तुम्हाला पाळणाघर काढायचंय." पण नाईक गेल्यावर त्या मला समजावून सांगत, की नव्या मुलींना उडी असते आणि जुन्यांना ती कधी मारायची ते कळते. दोन्ही एका अंगात मिळाले असते तर आपल्याला पाचच जणी पुरल्या असत्या.

त्या रविवारी वाद दोन नावांवर अडला. एक शोभा. वय छत्तीस, बँकेत नोकरी, उजव्या गुडघ्याला कायम पट्टा. वाशीत इमारतींपेक्षा चिखल जास्त होता तेव्हा शाळेमागची जागा सपाट करायला बाईंबरोबर घमेली उचलणारी. ही स्पर्धा खेळून गुडघा डॉक्टरांच्या ताब्यात देणार, असे तिने जाहीर केले होते; रजाही घेतली होती. दुसरी मंदा, घणसोली गावातली, वय सोळा. चेंडू हातात आला की ती कुणाला दिसत नसे, चेंडूही दिसत नसे, फक्त जाळी हललेली दिसे. तिची आई स्वतः बाईंकडे येऊन बोलून गेली होती. "बाई, पोरीला नेनार असाल तर न्या. तिच्या बापाला मी बघून घेईन. पन मधेच परत धाडू नका. एकदा परत आली का तो तिला पुन्हा सोडनार नाय."

बाईंनी तिला शब्द दिला होता. शोभाला तर शब्द द्यायचीही गरज नव्हती.

यादीत वैशाली सामंत असे एक नाव होते. तिचा फॉर्म मंडळाच्या गठ्ठ्यातून आला होता, म्हणून मी तो चढवला. सरावाला तिला कुणी पाहिले नव्हते. पण लांब राहणाऱ्या काही जुन्या खेळाडू थेट सामन्यालाच येत, त्यामुळे मला त्यात वावगे वाटले नाही. मी ते नाव वाचले तेव्हा बाईंनी नाईकांकडे पाहिले, नाईकांनी बाईंकडे पाहिले आणि दोघेही गप्प बसले. नाईक चहा संपवून गेल्यावर बाई म्हणाल्या, "त्यांची कुणी भाची असेल. नाशिकला जायची बस तेच देणार आहेत. राहू दे तिला."

मग शोभा आणि मंदा या दोन्ही नावांपुढे त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले. फॉर्म बुधवारी द्यायचे होते. सोमवारी बाई सरावाला आल्या नाहीत. एवढ्या वर्षांत तो त्यांचा पहिला खाडा, असे सगळ्या म्हणाल्या. शोभाने मला विचारले, बाई आजारी आहेत का? मंदा नुसती माझ्या वहीकडे बघत होती. मी वही पिशवीत ठेवली.

मंगळवारी मी उरलेली कामे उरकायला निघाले. त्यातले एक, कुंदाचा फॉर्म. कुंदा आमची रोजची, पहिल्या पाचातली. पंधरा दिवस मी तिच्याकडे फॉर्म मागत होते आणि ती दर वेळी "दिलाय की" म्हणत होती. ती टाळते आहे असे समजून मी थेट तिच्या घरी गेले. दारावर पाटी होती, सामंत. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. सासूबाईंनी दार उघडले, मला बसवले आणि आत हाक मारली, "वैशाली, बाहेर ये गं, तुझ्याकडे आल्यात."

आणि पिठाचे हात पुसत कुंदा बाहेर आली.

लग्नात नाव बदलले होते. बाकीच्यांची आडनावेच बदलली होती, त्यामुळे त्यांचे फॉर्म मी जुळवू शकले होते. हिचे नाव आणि आडनाव दोन्ही गेले होते. फॉर्म तिच्या यजमानांनी जाता जाता मंडळात टाकला होता. मी चहाला थांबले नाही. जिन्यातच वही उघडून दोनदा मोजले. बारा.

बाईंच्या घरी पोचेपर्यंत मला धाप लागली होती. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग खुर्चीत मागे टेकल्या. "म्हणजे माझ्या कुंदाला तू दोन जागा दिल्यास," त्या म्हणाल्या. "चूक माझीच. सासरी तिला काय म्हणतात, ते मी कधी विचारलंच नाही." नंतर म्हणाल्या, "दोन दिवस मी दूध आणायलासुद्धा मागच्या रस्त्याने जातेय, शोभा भेटेल म्हणून." मी खोडरबर दिला. दोन्ही प्रश्नचिन्हे त्यांनी स्वतः खोडली, कागद फाटेल इतक्या जोरात. नाईकांना कळवले तेव्हा तेही सुटल्यासारखे हसले. ती वैशाली बाईंची जुनी मैत्रीण असावी, आता कशाला दुखवा, म्हणून ते गप्प बसले होते.

नाशिकला आम्ही उपांत्य सामन्यात हरलो. त्या सामन्यात शोभाचा गुडघा अडला, तेव्हा बाईंनी कुणाला उठवायच्या आधीच तिने बाकाकडे बघून मंदाकडे बोट केले. मंदा पुढे कॉलेजच्या संघात गेली. आता तिचेही लग्न झाले आहे, नाव अनुराधा. मी मंदाच म्हणते.

नाशिकला निघताना काढलेल्या फोटोच्या मागे नावे लिहायला बाईंनी मला सांगितले होते. "माझ्या पद्धतीने लिही," असे बजावले होते. बाराही नावे तेव्हाच लिहून झाली. कडेला उभ्या असलेल्या बाईंची जागा तेवढी राहिली. बाई गेल्या वर्षी गेल्या. वर्तमानपत्रातल्या छोट्या चौकटीत सुनंदा हे नाव वाचून आमच्यातल्या अर्ध्या जणींना ते बाईंचे आहे हे कळलेही नाही. ते सासरचे. शाळेत असताना त्या मिरजेला खेळायच्या, एवढे एकदा बोलल्या होत्या. तिथे त्यांचे थोरले भाऊ आहेत. बाई कोर्टावर पहिल्यांदा कोणत्या नावाने आल्या, ते त्या भावांनाच ठाऊक असणार.

पत्ता मिळवला आहे. पाकिटावर तिकीट लावून झाले आहे. पत्र लिहायचे राहिले आहे.