कंडक्टरबाईंचं नाव कापलं कोणी?

प्रभावतीबाईंचा विश्वास फक्त स्वतःच्या मोजणीवर. यवतमाळ-दारव्हा रस्त्यावर तेवीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. गाडी सुटली की आधी डोकी मोजायची, मग फाडलेली तिकिटं, आणि एक डोकं जास्त निघालं तर गाडी तिथंच थांबायची. एकदा सख्खा भाऊ बिनतिकिटाचा सापडला, तर त्यालाही बोरी अरब गावाच्या अलीकडे भर उन्हात उतरवलं. भाऊ वर्षभर बोलला नाही. बाईंनाही काही फरक पडला नाही.

निवृत्तीनंतर त्या तीन महिने आयर्लंडला मुलाकडे राहून आल्या. संघदीप तिथल्या दवाखान्यात नर्स आहे, सहा वर्षं झाली. तिथं निवडणूक झाली, तेव्हा बाईंनी टीव्हीवर पाहिलं : मतपत्रिका टेबलावर ओतून माणसं हातानं मोजत होती आणि कठड्यापलीकडून दुसरी माणसं ती मोजणी आपापल्या कागदावर टिपून घेत होती.

"अस्सं पाह्यजे!" बाई म्हणाल्या.

"मग इकडंच राह्य ना, आई. तिकडं आता काय ठेवलं हाये?"

बाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. त्याच आठवड्यात बसस्टॉपवर दोन पोरं संघदीपवर ओरडली होती, तुझ्या देशात चालता हो म्हणून. तो हसला, पण त्याचं हसू बाईंना खरं वाटलं नव्हतं.

चार दिवस बाहेर राहून आलं की घरातला कोंदट वास आधी नाकात शिरतो, तसं परत आल्यावर झालं. नागपूरच्या टॅक्सीवाल्यानं नाव ऐकून आडनाव विचारलं, आडनाव ऐकून गाव विचारलं, आणि मग यवतमाळपर्यंत तोंड उघडलं नाही. टीव्हीवर देशात खरा कोण आणि उपरा कोण याची ओरड चालू होती. ती आधीही होतीच, पण आता बाईंना झोपेतही ऐकू यायला लागली. कोणी गोड बोललं तरी त्यांना वाटे, याच्या मनात काहीतरी शिजतंय.

सगळ्यात जास्त संशय धावजीचा. धावजी अकरा वर्षं त्यांच्या गाडीवर ड्रायव्हर होता आणि लोहाऱ्यात बाईंच्या घरापासून दोन घरं सोडून राहतो. हल्ली गळ्यात पक्षाचा दुपट्टा असतो. बाई जायच्या आधी दोघांचं दिल्लीच्या राजकारणावरून कडाक्याचं भांडण झालं होतं. "ज्याले देश पटत नाई, त्यानं बाहेर जावं!" असं तो म्हणाला होता, आणि पुढच्याच हप्त्यात बाई विमानात बसल्या होत्या.

आल्यावर चौथ्या दिवशी शाळेच्या भिंतीवर मतदार यादी लागली. बाई चष्मा लावून डोकी मोजायला गेल्या. त्यांच्या घर नंबरावर दोन नावं हवीत. एकच होतं, संघदीपचं. बाईंचं नाव शेजारच्या, वगळलेल्यांच्या कागदावर होतं. पुढे कारण : स्थलांतरित.

बाईंनी तो शब्द बोट ठेवून परत वाचला. बाबासाहेबांनी दिलेला हक्क, आणि तो आपल्याच गावात कोणीतरी खोडला! त्या तडक धावजीच्या अंगणात गेल्या.

"माह्यं नाव काहून कापलं? दिल्लीवाल्याइले खूश करून राह्यला का?"

अख्खी गल्ली गोळा झाली. धावजी रागावला नाही. दुपट्टा काढून खुंटीला अडकवला आणि स्कूटर काढली. "बसा ताई. यादीचं काम राखीकडं हाये. तिलेच विचारू."

राखी अंगणवाडीची बाई, यादीच्या कामाला जुंपलेली. "काकू, मी तीनदा आलती. कुलूप होतं. फाटकावर तुमीच एक नंबर लिहून ठेवलता, त्याच्यावर विचारलं. हे पाहा, उत्तर आलतं."

तिनं मोबाइल पुढे धरला. आवाज स्वच्छ होता.

"ताई, आई आता इकडंच राहणार हाये. वापस येणार नाई. तिचं नाव काढून टाका."

"परत लाव," बाई म्हणाल्या. राखीनं परत लावलं. आवाज संघदीपचाच होता.

चोर शोधायला बाई मनातल्या मनात दिल्लीपर्यंत जाऊन आल्या होत्या आणि तो निघाला त्यांच्याच पोटचा. त्यांना इतका राग आला की रडूही येईना. धावजीकडे पाहायची तर सोयच उरली नव्हती.

धावजीच हळू आवाजात म्हणाला, "लेकरू हाये, ताई. मायेपोटी बोललं असन."

"राखी, दोन फॉर्म दे. एक नाव घालायचा, एक काढायचा."

"काढायचा कोणाचा, काकू?"

"संघदीपचा. सहा वर्षं झाली त्याले जाऊन. अजून यादीत हाये."

"राहू द्या ना, ताई," धावजी म्हणाला. "एका नावानं काय होते?"

"भाऊ, तुमी गाडी चालवत होते. डोकी मी मोजत होती."

पहिला फॉर्म बाईंनी झरझर भरला. दुसऱ्यावर घर नंबर, नाव, वय लिहिलं, आणि कारणाच्या जागी लिहिलं : स्थलांतरित. तेवढ्या एका शब्दाला त्यांना दोनदा चष्मा पुसावा लागला. मग दोन्ही फॉर्म राखीकडे दिले, आणि दोन्हींची पोच हातात पडल्याशिवाय त्या जागच्या उठल्या नाहीत.