मले खरूज नाई

"हे धर," असं म्हणून गुरुजींनी घोंगडीचे दोन तुकडे माझ्यापुढं जमिनीवर टाकले. "एक डाव्या हातात, एक उजव्या हातात. दुसरी टोकं आम्ही धरू."

शाळेच्या अंगणात पोरांचं गोल रिंगण उभं होतं. जगाच्या शांततेचं रिंगण. कुणी जपान, कुणी रशिया, कुणी अमेरिका. छातीवर कागदाची पट्टी, पट्टीवर देशाचं नाव. गावच्या मालकांची मुलगी सुमन भारत होती. मी आफ्रिका. का, ते विचारायची गरज नव्हती, माझा रंगच सांगत होता. सगळ्या देशांनी एकमेकांचे हात घट्ट धरलेले. फक्त माझ्या दोन्ही बाजूंना काळी घोंगडी. एका तुकड्याचं टोक सुमनच्या हातात, दुसऱ्याचं गुरुजींच्या.

मी वाकले. तुकडे उचलले. उचलायला नको होते, हे कळायला मला आठवडाभर लागला.

आमचं गाव आंजीच्या पलीकडं. वर्ध्याहून यायचं तर कच्चा रस्ता आणि नाला. माझा बा गावचा कोतवाल. नाव मोठं, काम हलकं. दवंडी द्यायची, साहेबाचं सामान वाहायचं, मेलेलं ढोर ओढायचं. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, सरकारनं काढून घेतली होती, पण मालक मालकच राहिले होते. महारपुऱ्यातून चौथीपर्यंत पोचलेली पोर मी एकटीच. वर्गात बसू देत नव्हते असं नाही. बसत होते. दाराशी, चपलांजवळ.

गुरुजी मात्र वाईट माणूस नव्हते. हे मी मुद्दाम सांगते. अंगात खादी, हातात टकळी, आवाज असा की रडणारं पोर गप्प व्हावं. जपानात बाँब पडला, शाळेत बसलेली पोरं जागच्या जागी जळाली, हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मोठमोठ्या देशांनी आता पोरांचे हक्क ठरवलेत, म्हणाले. संकटात पहिला घास पोराचा. पोराला राबवून घ्यायचं नाही. पोराला खेळू द्यायचं, शिकू द्यायचं. मी दाराशी बसून ऐकत होते आणि माझं काळीज सुपाएवढं झालं होतं. वाटलं, एवढ्या लांबच्या लोकांनी आपला विचार केला. कुणीतरी केला!

मग कळलं की वर्ध्याला आलेली एक गोरी पाहुणी आपली शाळा बघायला येणार. गुरुजींनी रिंगण बसवलं. मला आत घेतलं, कारण असे पाहुणे पहिला प्रश्न तोच विचारतात: हरिजन मुलं कोणती?

तालमीच्या पहिल्या दिवशी घोंगडी नव्हती. हात होते. एका बाजूनं गुरुजींनी माझा हात धरला, दुसऱ्या बाजूनं सुमननं. तिचा तळवा घामानं ओला होता. ती माझ्याकडं बघून हसली, मीही हसले. घरी जाईपर्यंत मी तो हात कशाला पुसला नाही. येडी होते.

त्याच दिवशी सुमनच्या आईनं तिला परसात उभं करून डोक्यावरून घागरी ओतल्या. दुसऱ्या सकाळी मालक शाळेत आले. ओरडले नाहीत. त्यांना ओरडायची गरज कधी पडतच नसे. गुरुजी म्हणाले, मधे खादीचा रुमाल धरू. मालक म्हणाले, "सुताले इटाळ लागते, गुरुजी. लोकरीले लागत नाई."

झालं. धनगराकडून फाटकी घोंगडी आली. गुरुजींनी स्वतः कात्रीनं कापली. कापताना त्यांचा चेहरा असा खूश की जणू मोठं भांडण मिटवलं. मला जवळ बोलावून म्हणाले, "बघ, कुणाचंच मन दुखावलं नाही. यालाच शांती म्हणतात." माझं मन त्यांनी हिशेबात धरलंच नव्हतं. आणि मीही मान डोलावली.

पाहुणी आली त्या दिवशी मायनं मला न्हाऊ घातलं होतं. केसांना तेल, हातांनाही तेल. जीप आली. उंच बाई, उन्हानं लाल झालेली. सोबत वर्ध्याचा एक खादीवाला, तिचं बोलणं मराठीत सांगायला. मालक खुर्चीवर. गावातले लोक अंगणाच्या कडेला, आणि त्यांच्याही मागं, बाभळीखाली, माझा बा, काठी घेऊन उभा.

एकेक देश बोलत गेला. माझी पाळी आली. गुरुजींनी पाठ करून घेतलं होतं, मी खणखणीत म्हटलं, "जात, धर्म, देश न पाहता प्रत्येक मुलाला जवळ केलं पाहिजे." दोन्ही मुठींत लोकर. हाताला टोचत होती.

बाईनं टाळ्या वाजवल्या. मग तिची नजर खाली गेली. तिनं काहीतरी विचारलं. खादीवाल्यानं गुरुजींना सांगितलं, "बाई विचारतात, याच मुलीच्या हातात कापड का?"

मी गुरुजींकडं बघितलं. मला खरंच वाटलं होतं, हो, अजूनही वाटलं होतं, की आता ते सांगतील.

गुरुजी म्हणाले, "तिच्या हाताला खरूज आहे."

बाई कळवळली. तिनं माझ्या डोक्यावर ठेवायला हात पुढं केला होता, तो तसाच मागं घेतला. गावानं जातीसाठी जे केलं तेच तिनं खरजेसाठी केलं. खादीवाला म्हणाला, "बाई म्हणतात, औषध पाठवून देते." पोरं माझ्या हातांकडं बघायला लागली. मीसुद्धा बघितलं. क्षणभर मलाच वाटलं, असेल, असेल खरूज.

नव्हती. तेलानं चकाकणारे, निंदणानं चिरलेले, पण साफ हात.

मी घोंगडी सोडली. दोन्ही तळवे बाईपुढं धरले.

"मले खरूज नाई. मी महाराची हाव म्हनून घोंगडी हाय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खादीवाल्यानं गुरुजींकडं बघितलं, मालकांकडं बघितलं आणि तो इंग्रजीत काहीतरी छोटंसं बोलला. बाई हसली. मान हलवून गोड हसली. त्यानं काय सांगितलं ते मला आजतागायत माहीत नाही. मी सुमनकडं वळून हात पुढं केला. तिनं आपले हात पाठीमागं लपवले. तिला तिच्या घरच्या घागरी दिसत असतील. रिंगण तिथं तुटलं आणि गुरुजींनी घाईघाईनं शेवटचं गाणं सुरू केलं.

जीप गेली. मालकांनी बाला बोलावलं. शिवी नाही, काठी नाही. एवढंच म्हणाले, "पोरीले सांग, साऱ्या पोराइपुढं बोलजो म्हनाव, मी खोटं बोलली, मले खरूज हाय. तवापर्यंत शाळेच्या आत पाय नाई. आन् तुही कोतवाली राह्यते का जाते, तूच पाह्य."

चौथीची परीक्षा तोंडावर होती. परीक्षेला बसवणार गुरुजी. मालकांच्या शब्दाबाहेर गुरुजी नाहीत. एक वाक्य बोलले तर शाळा, नाही बोलले तर बाचं काम, घरातली भाकर, सगळं जाणार. इकडं आड, तिकडं विहीर, आणि मधे उभी मी, अकरा-बारा वर्षांची.

गुरुजी आमच्या पुऱ्याच्या तोंडाशी आले. आत नाही आले. म्हणाले, "बाळ, एका वाक्याचा प्रश्न आहे. तुझं आयुष्य घडेल. मोठी हो, मग खरं बोल." त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. जपानच्या पोरांसाठी आलं होतं तेच. मला त्या पाण्याची किळस आली.

बा मला म्हणाला, "म्हन न माय. खरूजच त म्हनाची हाय. महारोग नाई म्हनून राह्यले ते."

"खोटं काऊन बोलू, बा?"

बा विडी पेटवत राहिला, ती पेटेना.

उत्तर मायजवळ होतं. कुंपणावरून तिनं खाजकुहिलीच्या शेंगा पदरात धरून आणल्या. ज्यांची लव अंगाला लागली की माणूस खाजवून खाजवून रक्त काढतो, त्या शेंगा. माझ्यासमोर बसली आणि हळूच म्हणाली, "आन हात. चोळून देतो. पुरळ येईन. मंग तुले खोटं नाई बोलाव लागन."

माझी माय. मला खोटं बोलावं लागू नये म्हणून माझे हात नासवायला निघालेली. तिनं शाळेचं दारही कधी ओलांडलं नव्हतं, पण मी ओलांडावं म्हणून तिचा जीव तुटत होता. मी हात पुढं केले. खरं सांगते, केले. तिनं शेंग उचलली, आणि तिचीच बोटं आधी खाजायला लागली. ती खाजवत होती आणि रडत होती. मी हात काढून घेतले. मला असा राग आला, मायचा नाही, त्या सगळ्यांचा, ज्यांनी एका आईला हा उपाय सुचायची पाळी आणली.

सकाळी शाळेपुढं पोरं रांगेत उभी होती. बा फाटकाशी, पागोटं हातात घेऊन. गुरुजी म्हणाले, "बोल."

"मले खरूज नाई."

गुरुजींनी डोळे मिटले. बा मला हाताला धरून बाहेर घेऊन आला आणि रस्त्यावर त्यानं मला थोबाडीत मारली. त्याआधी कधी मारलं नव्हतं. मग तोच मटकन खाली बसला. "आता का करशीन?" म्हणाला. "मालकाच्या वावरात निंदाले जाशीन? थेबी नाई देनार तो."

मी उठले आणि परत शाळेकडं चालू लागले. बा हाका मारत राहिला. आत पाय नाही म्हणाले होते, म्हणून मी आत गेले नाही. वर्गाच्या दारासमोर, बाहेर, मातीत बसले. पाटी काढली. आत गुरुजी फळ्यावर भागाकार मांडत होते, तो मी पाटीवर मांडला. गुरुजींनी बघितलं. नजर फिरवली. पुन्हा बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी तिथंच बसले. तिसऱ्या दिवशीही. पोरांनी माझ्यावर खडे मारले, मग कंटाळून सोडून दिलं. बाची कोतवाली गेली. माय दूरच्या गावी मजुरीला जाऊ लागली, चुलीवर एकदाच काहीतरी शिजायचं. घरी कुणी माझ्याशी धड बोलत नव्हतं. ते बरोबरच होतं, पोट त्यांचंही होतं. मी मात्र उठून सकाळी तिथं जाऊन बसत होते.

शेवटी एका दुपारी गुरुजी दारात आले. उंबऱ्याच्या आत ते, बाहेर मी.

"किती दिवस बसणार, बाळ?"

"खोटं तुमी बोलले, गुरुजी. पोराइले तुमी सांगा. मंग मी आत येईन."

त्यांचा चेहरा पडला. ते आत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. आतून पोरांचा पाढ्यांचा आवाज येत होता. मी बाहेरून त्यांच्याहून मोठ्यानं पाढा म्हणायला लागले. घसा दुखेपर्यंत म्हटला.

परीक्षेला मला त्या वर्षी बसवलं नाही. पण लोटलेल्या दारापुढं मी जे ठरवलं ते ठरवलं. शाळा सोडायची नाही. ते वाक्यही बोलायचं नाही. दोन्हींतलं एक निवड, असं जो म्हणेल, तो कितीही गोड बोलो, त्याचं ऐकायचं नाही.