सुटलेलं संत्रं

शिक्षक असून ती चूक मी ऐटीत केली. अकोल्याहून रेल्वेनं बडनेऱ्याला जाताना खिडकीशी बसलेले धोतरवाले काका पेपरातली खोल समुद्रात माणसं नेणारी पाणबुडी दाखवत होते.

"वीज गेली की आतले मेलेच," मी म्हणालो. "लावता पैज खिडकीच्या जागेची?"

काकांनी मुठीत संत्रं धरलं. "पाणबुडीखाली लोखंडाचं वजन विजेच्या चुंबकानं असं धरलं हाये, मास्तर. वीज गेली का वजन सुटते, अन् पाणबुडी आपोआप वर येते."

"मास्तरले शिकवता का?" कोणीतरी म्हणालं. सगळा डबा हसला, मीही हसलो. काकांनी पैज हरल्यासारखी खिडकीची जागा मला दिली. संत्रं मुठीतच होतं.

थोड्या वेळानं त्यांना डुलकी लागली. मूठ सैल झाली आणि संत्रं गडगडत माझ्या पायाशी आलं.

मी त्यांना हळूच उठवलं. "काका, वीज गेली, वजन सुटलं. माझं चुकलं. खिडकीशी बसा."