सागाला इंग्रजीत काय म्हणतात

ऐकायचंच म्हणता, तर आधी चहा संपवून घ्या. नंतर हसताना अंगावर सांडाल आणि डाग कसे काढू म्हणून मलाच विचाराल.

माझं शिक्षण चौथी. पण जीभ पदवीधर आहे, असं आमचे हे म्हणतात. या जिभेने मुलीची स्थळं आली तशी वाटेला लावली. अट माझी एकच. जावयाच्या तोंडात गुटखा, तंबाखू, काही म्हणजे काही नको. का म्हणाल, तर माझ्या थोरल्या दिरांनी आमच्या पडवीचा कोपरा थुंकून असा रंगवलाय, की तिथे रंगारी लावायची गरज नाही. ती भिंत घासण्यात माझी अर्धी हयात गेली. पोरीच्या नशिबी तसली भिंत नको होती मला. चूक आहे का काही?

मुलगी माझी सायली, नर्स आहे. या श्रावणात तिला संगमेश्वराकडचं स्थळ आलं. मुलगा अनिकेत, कॉलेजात इंग्रजी शिकवतो. आणि हा तिला मनापासून आवडला होता. सकाळीच मला चुलीपाशी गाठून म्हणाली, "आई, हा हातचा गेला तर मी दुसऱ्या कुणाला बघणार नाही. आजच्या दिवस तोंड आवर गो."

मी म्हटलं, आवरते.

मुलगा आला, बरोबर त्याची आई. बाई शांत, शब्द मोजून बोलणारी. मुलगा मात्र आत यायच्या आधी आमच्या दाराच्या चौकटीवरून हात फिरवत उभा. लाकूड कसलं, विचारतो. सागाचं, मी सांगितलं, आमच्याच मागीलदारी झाडं आहेत. झालं, मास्तरांना चेव चढला.

सागाला इंग्रजीत टीक म्हणतात म्हणे. पण तो शब्द मुळात इंग्रजांचा नव्हेच. खाली केरळात सागाला तेक्क म्हणतात. पोर्तुगीज गलबतं घेऊन आले, त्यांनी तो ऐकला आणि त्याचा तेका केला. त्यांच्याकडून तो इंग्रजांनी उचलला. म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरचा शब्द, समुद्राची हवा खाऊन साहेबाची टोपी घालून परत आला.

मला हे भारी आवडलं. मी म्हटलं, "बरोबरच आहे. मेल्यांकडे झाडच नाही, तर नाव कुठून आणणार?"

तो म्हणाला, तशी देवाणघेवाण होती हो काकू, पोर्तुगीजांनी आपल्याला काजू दिला, आणि हापूसचं नावसुद्धा त्यांचंच.

रत्नागिरीत, माझ्या ओटीवर बसून, माझे पोहे खात, हापूसचं नाव परक्याचं? जीभ वळवळली माझी. सायलीने डोळे वटारले. मी जीभ चहाबरोबर गिळली. तिनेही शहाणपणा केला, झाडं दाखवते म्हणून त्याला मागीलदारी घेऊन गेली.

बराच वेळ झाला तरी दोघांचा पत्ता नाही, म्हणून बोलवायला गेले. बघते तर मुलगा एकटाच हौदापाशी पाठमोरा उभा, हात धुतोय. खाली वाहणारं पाणी लाल. तो वळला. तळवे लाल, मिशीखाली ओठ लाल, रुमालावर लाल डाग. मला मुलगा दिसलाच नाही हो, दिरांची भिंत दिसली.

मग काय, आवरलेलं तोंड सुटलं.

"जगाच्या शब्दांची मुळं शोधतोस ना? मग तुझ्या तोंडात हे कुठून आलं, ते सांग आधी!"

तो नुसता "काकू, अहो काकू" करत राहिला. मी कशाला थांबते? चार घरांवर ऐकू जाईल असा त्याचा उद्धार केला. त्याची आई धावत आली, आमचे हे धावत आले. आणि झाडांमागून सायली आली. तिचेही तळवे लाल.

मी तिच्याकडे वळले. "तू पण? हॉस्पिटलात काम करून तू पण गुटखा?"

सायलीने सागाचं एक कोवळं पान ओरबाडलं, माझ्या हातावर ठेवलं आणि दात-ओठ खात चोळलं. माझा तळवा कुंकवात बुडवल्यासारखा लाल झाला.

अहो, कोवळं सागाचं पान चोळलं की हात रंगतो, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सायलीने तीच गंमत त्याला दाखवली होती. त्याने चोळलं आणि त्याच हाताने तोंडावरचा घाम पुसला. एवढाच त्या बिचाऱ्याचा गुन्हा. पण राग आला की मला माझं नाव आठवत नाही, तिथे पान कुठलं आठवायला?

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तो हात तसाच तोंडावर दाबून धरला. सायलीच्या डोळ्यांत पाणी. मनात म्हटलं, आता ही बाई मुलाला घेऊन चालती होणार आणि पोर जन्मभर मला बोल लावणार. काय होईल ते होवो, माफी तर मागू, म्हणून मी तोंडावरचा हात काढला.

त्याची आई माझ्या ओठांकडे बघतच राहिली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "मुलगी आम्हाला पसंत आहे, विहीणबाई. फक्त लग्नाच्या आत तुमचा गुटखा तेवढा सुटला पाहिजे."