एकाच कढईतला राईस

आमच्या बिल्डिंगपासून सात-आठ मिनिटांवर एक बार अँड रेस्टॉरंट आहे. खाली परमिट रूम, वर फॅमिलीसाठी एसी हॉल. दिंडोशीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या सगळ्यांना ते माहीत आहे, आणि तिथलं जेवण बरं नसतं हेही. आम्ही तरी तिथेच जात आलो, कारण बाबांना तिथे ओळखायचे. नोकरीत असताना ते शनिवारी खाली बसायचे आणि महिन्यातून एकदा आम्हाला वर न्यायचे. आत शिरताना काउंटरवरचा माणूस हात वर करून विचारायचा, "काय साहेब, आज फॅमिली?" बाबा नुसते हसायचे. त्या एका वाक्यासाठी आम्ही कित्येक वर्षं गार सूप प्यायलो असं मला वाटतं.

मला तिथे जायचं टेन्शन यायचं ते जेवणामुळे नाही, वेटरला हाक मारावी लागते म्हणून. मी अजूनही मनात वाक्य जुळवते, आधी इंग्रजीत, मग हिंदीत. ते जुळेपर्यंत वेटर दुसऱ्या टेबलावर गेलेला असतो.

गेल्या वर्षी बाबांना हार्ट अटॅक आला. अकरा दिवस ते कांदिवलीच्या हॉस्पिटलात होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आयसीयूबाहेरच्या खुर्च्यांवर बसलो असताना आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "गावच्या पुढच्या जत्रेपर्यंत मासे खाणार नाही मी. मटण, चिकन, अंडं, काहीच नाही. देवाला सांगितलंय तसं."

मी मान हलवली. आम्ही मालवणकडचे. आई डाळ-भात जेवते तेव्हासुद्धा ताटात सुक्या जवळ्याची चिमूट असते. गेटवर येणाऱ्या कोळणीला ती कल्ले उचलून दाखवायला लावते आणि तिचा शब्द कधीच खरा मानत नाही. अशा बाईने मासे सोडणं म्हणजे काय, ते मला त्या खुर्चीवर नीट कळलं नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, असल्या गोष्टींवर माझा विश्वास आहे की नाही हे मी कधी स्वतःलाही विचारलेलं नाही. पण तिने ते म्हटल्यावर मला थोडा धीर आला, हे खरं आहे.

त्या अकरा दिवसांत घरी चूल पेटली नाही. मी संध्याकाळी त्याच रेस्टॉरंटमधून व्हेज फ्राइड राईसचं पार्सल घ्यायचे आणि हॉस्पिटलात जायचे. बाबा घरी आल्यावरही, आई दमलेली असली की तेच पार्सल यायचं. व्हेजमध्ये तिला तेवढंच घशाखाली उतरायचं.

यंदा, जत्रेला दीड महिना उरलेला असताना, डॉक्टरांनी बाबांना थोडं बाहेर फिरायला, एखाद्या वेळी बाहेर जेवायला परवानगी दिली. मंगळवारी स्ट्रेस टेस्ट होती. रविवारी सकाळी बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये येऊन उभे राहिले.

"चला. वर बसूया आज."

"अहो, मंगळवारी टेस्ट आहे," आई म्हणाली.

"टेस्टच्या आधी जेवायला बंदी आहे काय? पिणार नाही गो मी. लिंबू सरबत घेईन, हवं तर शपथ घेतो."

खाली काउंटरवर नवीन माणूस होता. त्याने मोबाईलमधून मान वर केली आणि बोटाने जिना दाखवला. बाबा क्षणभर थांबले, त्याच्याकडे बघून हसले, आणि त्याने बघितलं नाही. मी ते पाहिलं. आईनेही पाहिलं असावं, कारण तिने लगेच त्यांच्या कोपराला धरून म्हटलं, "सावकाश चढा."

वर रविवारची गर्दी होती. वेटरने टेबल ओल्या फडक्याने पुसलं, तर ते आणखी चिकट झालं. पाणी वीस मिनिटांनी आलं. ऑर्डर घ्यायला आलेला वेटर बाबांच्या ओळखीचा नव्हता. बाबांनी त्याला जुन्या वेटरचं विचारलं, तर तो म्हणाला, "गाव गया. आप बोलो क्या लेना है."

बाबांनी स्वतःसाठी सुरमई फ्राय, माझ्यासाठी चिकन, आईसाठी व्हेज फ्राइड राईस सांगितला. "एकदम व्हेज हां भाऊ. उपवास जैसा समझो."

वेटर वही मिटून निघूनही गेला होता.

पाऊण तास गेला. आधी पापड आले, ते दुसऱ्या टेबलाचे निघाले आणि परत गेले. मग सुरमई आली, पातळ, कडेने करपलेली. बाबांनी तुकडा तोडला आणि मिटक्या मारत म्हणाले, "चांगली आहे हं." आई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "चांगली आहे तर डोळे का मिटताय?" बाबा हसले, पण हसू लगेच विरलं. एसीचं पाणी मागच्या खुर्चीवर टपटपत होतं. बाबांनी दोनदा "ओ भाऊ" म्हटलं. वेटरने दोनदा एक बोट वर केलं. बाबांचा कान लाल व्हायला लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जिने हळू चढा, मीठ कमी, आणि मुख्य म्हणजे चिडायचं नाही. मी त्यांच्या कानाकडेच बघत होते.

राईस आला. आई जेवायला लागली. मी माझ्या चिकनमधले कांदे बाजूला काढत होते, आणि सहज तिच्या ताटाकडे लक्ष गेलं. गाजर आणि फरसबीच्या मध्ये एक लहानशी, वळलेली, गुलाबी कोळंबी होती. तिचं शेपूटही तसंच होतं.

ताट अर्धं रिकामं झालं होतं.

आधी मला वाटलं ते गाजर असेल. मी परत बघितलं. सांगितलं तर आईचं वर्ष मोडणार होतं, तेही टेस्टच्या दोन दिवस आधी, आणि तिचं वर्ष नुसतं तिचं नव्हतं. नाही सांगितलं तर पुढच्या घासाला ती कोळंबी तिच्या चमच्यात येणार होती. आणि बाबांना कळलं असतं तर ते उठून ओरडले असते. त्यांचा कान आत्ताच लाल होता.

मी आयुष्यात पहिल्यांदा वाक्य न जुळवता बोलले. "आई, तुझा राईस गार झालाय. मी गरम करून आणते," असं म्हणून मी ताट ओढलंच. आईने चमचा तसाच हातात धरून माझ्याकडे बघितलं. बाबा म्हणाले, "अगं, तो येईल ना!" मी निघाले होते.

किचनच्या झुलत्या दाराशी आमचा वेटर ताटं रचत उभा होता. मी ताट त्याच्यापुढे धरलं आणि बोटाने दाखवलं.

"ये व्हेज बोला था," मी म्हटलं.

त्याने कोळंबी बघितली. तो उद्धट नव्हता, थकलेला होता. "सॉरी मॅडम. पहले का रह गया होगा. निकाल के देता हूं."

"अलग नहीं बनता क्या?"

"कढई एक ही है, मॅडम. प्रॉन्सवाला निकलता है, उसी में व्हेजवाला पडता है. रश में कौन धोता है?"

"आज ही?"

"शुरू से," तो म्हणाला. वर, मला बरं वाटावं म्हणून की काय, सांगितलं, "सूप-राईस में पानी भी चिकन का ही डालते हैं. टेस्ट के लिए."

मी त्याला नवीन राईस नको म्हणून सांगितलं. ताट तिथेच ठेवून परत आले आणि टेबलावर म्हटलं, "संपलाय राईस त्यांच्याकडे." बाबा म्हणाले, "संपलाय म्हणजे? रविवारी दुपारी राईस संपतो? वाट लागली या हॉटेलची." आई म्हणाली, "राहू दे हो. माझं पोट भरलंय. दही-भात खाईन घरी." आणि तिने टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला.

घरी आल्यावर बाबा झोपले. आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. तिने दार लोटून घेतलं.

"कोळंबी होती ना?"

मी नळ सोडून हात धुवायला लागले.

"मला काय कळत नाही? दुसऱ्या घासालाच वास आला. शेजारच्या विंगेत कोळंबी शिजली तरी मला कळतं." ती हळू आवाजात बोलत होती. "पण ते चिडले असते. म्हणून कोळंबी सोडून बाजूबाजूचं खात बसले. तू ताट उचललंस ते बरं केलंस."

मग तिने मला सांगितलं की ती गावी गुरवकाकांना फोन करणार आहे, कौल लावायला. आमच्याकडे काही चुकलं, अडलं, तर देवाला असं विचारतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी आधी पडली तर होकार, म्हणजे चूक माफ. डावी पडली तर आईला जत्रेपासून पुन्हा पूर्ण वर्ष धरावं लागलं असतं. ते तिने स्वतःच ठरवलं होतं.

"पण प्रश्न नीट विचारावा लागतो," ती म्हणाली. "खोटा प्रश्न विचारला तर कौल चालत नाही. म्हणून तुला विचारते, खरं सांग. तू किचनमध्ये जाऊन आलीस ना? आपण पार्सल आणायचो, त्यातही असंच होतं काय?"

"असं का विचारतेस?"

"कारण तेव्हाही मला कधी कधी वास यायचा. हॉस्पिटलात. मला वाटायचं, जीभ मागतेय, म्हणून भास होतोय. लाज वाटायची मला स्वतःची."

मला अजून तिचा तो चेहरा आठवतो. वर्षभर ती स्वतःच्या जिभेला दोष देत होती. खरं सांगितलं असतं तर त्या दोषातून ती सुटली असती, आणि त्याच वाक्यात तिचं अख्खं वर्ष गेलं असतं. आणखी एक वर्ष, शिवाय मंगळवारची टेस्ट मध्ये.

"नाही गं," मी म्हटलं. "मी विचारलं ना त्याला. पार्सलचं वेगळं करतात. आज गर्दी होती म्हणून चुकून पडलं."

"नक्की?"

"नक्की."

सोमवारी सकाळी, बाबा आंघोळीला गेल्यावर, तिने फोन लावला. मी तिच्या बाजूला उभी होते. "चुकान झाला, गुरवकाकानू," ती म्हणाली. "एकदाच. चेडवान स्वतः विचारून घेतला." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. मग आम्ही वाट बघत राहिलो. पलीकडे गाऱ्हाण्याचे शब्द ऐकू येत होते, मध्येच एखादी मोटरसायकल गेल्याचा आवाज. बराच वेळ गेला. मला वाटत होतं, डावी पडेल. पडू दे, असंही एकदा वाटून गेलं.

उजवी पडली.

आईने फोन ठेवला, पदराने डोळे टिपले आणि बाथरूमचं दार वाजवून ओरडली, "अहो, बाहेर या लवकर, चहा गार होतोय!"

मंगळवारची टेस्ट चांगली आली. जत्रा झाली. त्या आठवड्यात तिने बांगड्याचं तिखलं केलं, आणि पहिला घास घेऊन बराच वेळ तशीच बसून राहिली. बाबा म्हणाले, "काय, तिखट झालंय?" ती म्हणाली, "गप जेवा."

त्या रेस्टॉरंटमध्ये आम्ही परत गेलो नाही. बाबांनी तो विषयच काढला नाही.

देवाला विचारलेला प्रश्न खोटा होता, हे फक्त मला माहीत आहे. बाबा बरे आहेत. पण आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, आणि पिशव्या घेऊन आम्ही वर येत असलो की कधी कधी ते तिसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून थांबतात. आई मागून म्हणते, "दमलात?" तेव्हा तिला ते सांगायला मी तोंड उघडते. तेवढ्यात ते पुढची पायरी चढतात.