अंगठ्याला आवळल्याला केस

माझ्या अंगावर पिणारी तान्ही पोरगी किंचाळायली, पायाचा अंगठा निळा पडल्याला! सासू म्हणाली, "दृष्ट लागली की!" आन् मीठ-मिरच्या आणाय गेली. मी लेकराला उचलून मंगळवार पेठेतल्या डॉक्टरीणबाईंकडं पळालो. त्यांनी चिमट्यानं अंगठ्याला आवळल्याला माझाच लांब केस काढला. "उशीर झाला असता तर अंगठा गेला असता. बाळंतपणानंतर केस गळत्यातच, कापायचं की!" "कापलं तर दूध आटतं म्हणती सासू." "खोटं हाय त्ये!" घरी येऊन कात्री घेतली. सासू गल्लीभर मिरवायची ती माझी गुडघ्यापातूरची येणी कापून तिच्या मांडीवर टाकली. "घ्या, मिरवा आता!" ती रडली, मी न्हाय. आजबी ती माझ्या केसांना चोळायची त्या माक्याच्या तेलाचा वास आला, की तिच्या देखत माझ्या उघड्या मानंवरनं हात फिरवतो. तुमच्या लेकराचा अंगठा असता, तर तुम्ही काय केलं असतं?